वेग दाखवायचा तर गाडी हळू

कार क्लबच्या ड्राइव्हला फोटो काढायला गेलं की एक मागणी ठरलेलीच असते: गाडी पळताना दिसली पाहिजे. परवाच्या ड्राइव्हला ती एका पिवळ्या माझदा एमएक्स-5 च्या मालकाकडून आली. पहिल्या पिढीतली गाडी, बॉनेटमधून वर उघडणारे हेडलाइट असलेली. 1997 नंतरच्या एमएक्स-5 ला ते दिवे नाहीत, त्यामुळे ही दिसली की जाणकार मंडळी थांबून बघतातच. "तुम्ही त्या सरळ रस्त्यावर उभे राहा, मी नव्वदने जातो," तो म्हणाला.

मी स्पष्ट नाही म्हणालो. रस्ता काही आमच्यासाठी बंद ठेवलेला नव्हता. एक जण नव्वदने गेला की मागचे सगळे जातात, आणि त्यांच्यासमोर कधी सायकलवाला येईल सांगता येत नाही. पण नुसतं असं सांगून गाडीवेड्या माणसाला पटत नाही, तो हिरमुसतो. म्हणून मी त्याला कॅमेऱ्याचा स्क्रीन दाखवला.

सकाळी रांग निघाली तेव्हा त्याच्याच गाडीचा एक फोटो मी मुद्दाम 1/1000 सेकंदाच्या शटरवर, म्हणजे शटर फक्त तेवढाच वेळ उघडं ठेवून, घेतला होता. टायरवरची अक्षरं वाचता येत होती. चाकाच्या आऱ्या स्थिर, मागच्या झाडांची पानं स्थिर. गाडी चांगल्या वेगात होती, पण फोटोत ती रस्त्याच्या मधोमध पार्क केल्यासारखी दिसत होती. मग मी त्याला हिशोब करून दाखवला. ताशी 90 किलोमीटरने जाणारी गाडी 1/1000 सेकंदात फक्त अडीच सेंटिमीटर पुढे सरकते. तीच गाडी ताशी 40 ने जाऊ दे, पण शटर 1/40 ठेवलं तर तेवढ्या वेळात ती जवळजवळ 28 सेंटिमीटर जाते आणि चाक साधारण पन्नास अंश फिरतं. फोटोतला वेग येतो तो या 28 सेंटिमीटरमधून. कॅमेरा गाडीबरोबर तितक्याच गतीने फिरवला की गाडी स्पष्ट राहते आणि मागचा डोंगर रेघारेघांत वाहून जातो.

त्याने दोनदा स्क्रीन झूम करून पाहिला आणि म्हणाला, "मग चाळीसनेच जाऊ."

वळणावर असं पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो, करायचं तर मी शक्यतो वळणाच्या आतल्या बाजूला, कठड्यापलीकडे उभा राहतो. ताबा सुटलेली गाडी बहुतेक वेळा बाहेरच्या अंगाला जाते, म्हणून बाहेरची जागा कितीही देखणी असली तरी ती मी सोडून देतो. कंबरेतून वळायचं, पाय हलवायचे नाहीत, आणि शटर दाबून झाल्यावरही कॅमेरा फिरवत राहायचा. गाडी समोर आल्यावर फिरवायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. यातले बरेच फोटो टाकून द्यावे लागतात, आणि 1/40 च्या खाली, म्हणजे आणखी संथ शटरवर, गेलं की जास्तच. तरी मी खाली जातो, कारण जमलेल्या फोटोला तोड नसते.

दुपारी पठारावर एकाच दिशेच्या दोन लेन मिळाल्या आणि रोलिंग शॉट घ्यायचं ठरलं. मी पुढच्या गाडीत मागच्या सीटवर, पट्टा लावून, खिडकी उघडी ठेवून. डिकीत बसून पाय बाहेर सोडून शूट करणारे लोक मी पाहिले आहेत. माझ्यासमोर कुणी तसं करू लागलं तर मी काम थांबवतो. शेजारच्या लेनमध्ये, थोडी मागे, जिचा फोटो घ्यायचा ती गाडी. दोन्ही चालकांकडे वॉकीटॉकी. दोघांचा वेग जुळला की एकमेकांच्या मानाने दोन्ही गाड्या जणू उभ्याच असतात, पळत असतो तो फक्त रस्ता.

इथे मात्र सगळं चालकाच्या पायावर असतं. नव्या, ताकदीच्या गाड्यांचे मालक कॅमेऱ्याकडे बघायचे आणि गाडी हळूहळू पुढे सरकायची, मग ब्रेक, मग पुन्हा पुढे. ब्रेक लागला की नाक खाली जातं आणि गाडीची ठेवण बिघडते.

रांगेत सगळ्यात शेवटी एक काळी फोक्सवॅगन बीटल होती, मागे एअर-कूल्ड इंजिन असलेली जुनी बीटल. ती चालवणारे काका वॉकीटॉकीवर म्हणाले, "माझी राहू द्या, मी यांच्यात मागेच पडतो." मी त्यांना बोलावून घेतलं. आमच्या चालकाने ताशी 40 धरला. काका शेजारच्या लेनमध्ये आले आणि जागच्या जागी थांबल्यासारखे राहिले. नजर रस्त्यावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, अंतर वीतभरही हललं नाही. 1/30 वरसुद्धा हबकॅपच्या वर्तुळाची कड धारदार आली. दिवसभरातला हा सगळ्यात चांगला फोटो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा काकांच्या उजव्या पायाचा आहे असं मी मनापासून मानतो.

काळी गाडी म्हणजे चाकं लावलेला आरसाच. आभाळ, झाडं, आमची गाडी, सगळं तिच्या दारात दिसत होतं. मी लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिरता फिल्टर, लावला होता. तो फिरवता फिरवता एका ठिकाणी दारावरची चमक उतरली आणि खालचा खोल काळा रंग दिसला. बंपरच्या क्रोमवर मात्र त्याचा काही परिणाम झाला नाही. पोलरायझर काच आणि रंगावरच्या लॅकरची चमक घालवतो, उघड्या धातूची नाही. मला ते हवंच होतं: अंग शांत, क्रोम झगझगीत. हाच फिल्टर लावून नव्या गाड्यांच्या मागच्या काचेकडे पाहिलं तर कडक केलेल्या काचेत ठिपक्यांची नक्षी उमटते. मालक हमखास विचारतात, काच खराब झाली का? झालेली नसते. काच तापवून झटक्यात थंड करताना तिच्यात जो ताण राहतो, तो फक्त दिसू लागतो. अशा वेळी फिल्टर थोडा उलट फिरवायचा.

फोटो पाठवण्याआधी मी सगळ्या नंबरप्लेट पुसून टाकल्या. कुणाची गाडी कुठे ठेवलेली असते हे शोधून काढणं सोपं असतं, आणि जुन्या गाड्यांवर डोळा ठेवणारे लोक आहेत. ज्यांना नंबरासकट प्रत हवी होती त्यांना ती वेगळी दिली.

पिवळ्या गाडीच्या मालकाने स्वतःच्या फोटोआधी बीटलचा मागवला. पुढच्या ड्राइव्हच्या सूचनांमध्ये आयोजकांनी आता लिहिलं आहे: फोटोच्या टप्प्यात ताशी 40, नजर रस्त्यावर, आणि बीटल रांगेत सगळ्यात पुढे, म्हणजे बाकीच्यांना वेग तिच्याशी जुळवावा लागेल.