दिवेलागणीला लागणारी स्टेशनं

शुक्रवार, संध्याकाळ

पाचच्या आसपास लाईट गेली आणि मी मनातल्या मनात हात जोडले. अख्खी वाडी कुरकुरत होती, मी रेडिओचा सेट घेऊन खळ्यात आलो. एलईडीचे बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, शेजारच्या छपरावरचं सोलर ही सगळी मंडळी मीडियम वेव्हवर, म्हणजे रेडिओच्या मध्यम लहरींच्या पट्ट्यावर, अखंड भुणभुणत असतात. लाईट गेली की बँड कसा लख्ख होतो! डिसेंबर असल्यामुळे विजांची कडकडही नाही. मे महिन्यात वळवाचे ढग दिसायच्या आधीच त्यांचा कडकडाट सेटमध्ये ऐकू येतो आणि मग दूरचं काही शोधण्यात अर्थ उरत नाही.

दुपारी इथे गुहागर तालुक्यात मोजकीच स्टेशनं धड लागतात. रत्नागिरी ११४३ किलोहर्ट्झ, पणजी १२८७, मुंबई १०४४. मुंबई रस्त्याने जायचं म्हणजे दिवस मोडतो, पण तिच्या लहरी किनाऱ्याकिनाऱ्याने समुद्रावरून येतात आणि खारं पाणी त्यांना जमिनीपेक्षा कितीतरी जास्त मानवतं. सांगली सरळ रेषेत काही मुंबईपेक्षा लांब नाही. मध्ये सह्याद्री आहे, तेवढ्याने तिचं १२५१ दिवसा मला कधी नीट मिळालेलं नाही.

सेट जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवला. स्टीलच्या टेबलावर ठेवायचा नाही, हे पथ्य. आत फेराइटची कांडी आडवी बसवलेली असते, तीच मीडियम वेव्हची एरियल. वरची चकचकीत दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी, इथे तिचा उपयोग शून्य. कांडीचं टोक ज्या दिशेला रोखावं तिकडचं स्टेशन दबतं आणि कुशीकडचं उठतं. भर दुपारी सेटची बाजू दक्षिणेला केली की पणजी विहिरीत पडल्यासारखी गप्प होते. अंधार पडल्यावर हे इतकं सफाईने जमत नाही, कारण तेव्हा तीच पणजी जमिनीवरूनही येते आणि आकाशातूनही.

आकाशाचं गणित तसं सोपं आहे. दिवसा साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा हवेचा विद्युतभारित डी थर मीडियम वेव्ह गिळून टाकतो. ऊन गेलं की तो विरतो आणि लहरी त्याच्या वरच्या थरांपर्यंत पोचून परत खाली येतात. वरून लहरी परततात हे एडवर्ड ॲपलटन या शास्त्रज्ञांनी इंग्लंडात १९२४ मध्ये बीबीसीच्याच एका प्रक्षेपकाच्या मदतीने दाखवलं. पुढे १९४७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे कलकत्त्यात भौतिकशास्त्रज्ञ शिशिरकुमार मित्रांनी याच थरांवर हयात घालवली. पण पुस्तकात वाचून जे डोक्यात शिरत नाही ते दिवेलागणीला कान देऊन बसलं की अर्ध्या तासात कळतं: अंधार सगळीकडे एकदम पडत नाही.

आमच्याकडे सूर्य सहाच्या थोडं पुढे बुडतो, कोलकात्यात पाचच्या आधीच. म्हणजे मी अजून उन्हात आणि पूर्वेकडचा अर्धा देश काळोखात. म्हणून संध्याकाळी सगळं पूर्वेकडून येतं. आधी हैदराबाद ७३८, मग पावणेसहाच्या सुमाराला, सूर्य सुरूच्या बनावर टेकलेला असताना, कोलकात्याच्या ६५७ वर बंगाली. आधी नुसता श्वास ऐकू येतो, आवाज नाही. मग एक वाक्य वर येतं आणि लगेच बुडतं. मग बाईंचा आवाज अर्धा मिनिट इतका स्वच्छ की त्या पडवीत बसून वाचताहेत असं वाटावं, आणि पुन्हा खरखर. हे वरखाली होणं सोसवत नसेल त्याने या भानगडीत पडू नये. मला तर तेच ऐकायचं असतं.

आत्या तुळशीपाशी दिवा लावायला आली. "भरल्या तिन्हीसांजेला काय रे ती खरखर लावून बसतोस? बातम्या तरी लाव." बातम्याच होत्या, बंगालीत. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग आवाज मोठा कर, तिकडे पाऊसपाणी काय म्हणतंय?"

लाईट यायच्या आत १५६६ बघून घेतलं. ही जागा आमच्या नागपूरची. हजार किलोवॉटचा प्रक्षेपक, त्यावर १९८८ पासून रात्रभर राष्ट्रीय वाहिनी चालायची. कॉलेजात असताना परीक्षेच्या रात्री मी तीच लावून जागायचो. २०१८ संपता संपता ती बंद करायचं ठरलं. आज १५६६ वर नागपूर शांत होतं आणि त्या शांततेच्या तळाशी कुणीतरी बोलत होतं. हेडफोन लावला, डोळे मिटले. वाक्यं 'मास' नि 'देस'वर संपत होती. जपानी! दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर याच जागी २५० किलोवॉटचं एक ख्रिस्ती केंद्र आहे, ते जपानीतही बोलतं. इथून साडेपाच हजार किलोमीटर. स्टेशनचं नाव ऐकू आलं असतं तर खूण पक्की झाली असती. त्याआधीच लाईट आली आणि फाटकावरच्या बल्बने सगळं पुसून टाकलं.

शनिवार, पहाट

साडेपाचला उठलो. बाहेर कडाक्याची नाही, पण कानटोपीपुरती थंडी. सेट पुन्हा चिऱ्यावर, या खेपेला पश्चिमेच्या बेताने.

सहाला काही मिनिटं असताना आकाशवाणीची केंद्रं एकामागून एक जागी होतात. तानपुरा आणि त्यावर ते व्हायोलिन. ही धून वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. नाझींच्या काळात युरोप सोडून मुंबईला आलेला हा संगीतकार इथल्या केंद्रावर संगीत विभाग सांभाळायचा. घरात ऐकताना ती एकच धून असते. या वेळी बँडवर भरभर सरकत गेलं तर एका जागी ती संपत आलेली असते, पुढच्या जागी नुकती सुरू झालेली, आणि एखाद्या ठिकाणी दोन केंद्रं एकमेकांवर चढून तीच धून किंचित मागेपुढे वाजवत असतात. मला स्वतःला सकाळच्या भक्तिगीतांपेक्षा हा गोंधळ जास्त आवडतो.

मग उलटी गणती सुरू होते. संध्याकाळी जे आधी आलं ते पहाटे आधी जातं. कोलकात्यात सव्वासहाच्या आत ऊन पडतं, त्यामुळे साडेसहाला ६५७ वर नुसतं भूत उरलं होतं, आणि आमचा सूर्य यायला अजून अर्धा तास. पूर्वेकडची गर्दी अशी ओसरत जाते तसं पश्चिमेकडचं मोकळं होतं. तिकडे अजून रात्रच असते.

आज सगळा वेळ १५२१ वर घातला. कागदोपत्री या जागेवर आपलं छत्रपती संभाजीनगरचं केंद्र आहे, एक किलोवॉटचं. इथे मला ते कधीच ऐकू आलेलं नाही. याच जागेवर तांबड्या समुद्राच्या काठी दुबा इथे सौदी अरेबियाचा दोन हजार किलोवॉटचा प्रक्षेपक आहे. चार हजार किलोमीटरवरून तो आज असा आला की आवाज कमी करावा लागला. अरबी निवेदक, मग ऊद या तंतुवाद्यावर काहीतरी संथ. आमच्याकडे सात वाजत आलेले, त्यांच्याकडे पहाटेचे साडेचारही नाहीत. झुंजूमुंजू झालं, नारळांचे शेंडे दिसायला लागले तरी तो होता. सूर्य वर आल्यावरही थोडा वेळ टिकला, कारण डी थर काही बटण दाबल्यासारखा तयार होत नाही. मग आवाज जाड होत गेला, शब्दांच्या कडा गेल्या, ऊद आहे की सेटचीच गुणगुण हे कळेना. सव्वासातला रत्नागिरी लावलं आणि चहा टाकला.

चहा पिताना कालचं नागपूर डोक्यातून जाईना. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने मध्यम लहरींचे कितीतरी प्रक्षेपक बंद केले आणि मोर्चा एफएमकडे वळवला. त्यावर हळहळायला मी सगळ्यांत पुढे. आमच्या या खोलगट वाडीत एफएम डोंगरापलीकडेच अडकतं, मीडियम वेव्ह मात्र घरात येतं. आत्याचं शेतीचं नि कीर्तनाचं सगळं ११४३ वर चालतं. पण एकेक प्रक्षेपक गप्प होतो तशी बँडवर एकेक खिडकी उघडते आणि त्यातून जेजू ऐकू येतं, हेही खरं. छंद म्हणून बघितलं तर माझी चंगळ आहे. आपलंच घर रिकामं होतंय आणि मला रस्त्यावरचं बोलणं स्पष्ट ऐकू येतंय म्हणून मी खूश, हे काही बरोबर वाटत नाही. पण काल त्या 'मास' आणि 'देस'ला अंगावर काटा आला होता, तोही खोटा नव्हता.

दुपारी रिसेप्शन रिपोर्ट, म्हणजे स्टेशन कसं ऐकू आलं ते केंद्राला कळवणारं पत्र, लिहिला, सौदीचा नाही, कोलकात्याचा. वेळ, वारंवारता, काय ऐकलं त्याचे तुकडे, आणि ऐकू येण्याचा दर्जा सांगणारे सिन्पोचे पाच आकडे: ३४४३३. आकाशवाणी अजून क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोच, पाठवते, आणि ६५७ चं माझ्याकडे नाही.

शिवाय फाटकावरचा तो बल्ब. आत्याला साधा पिवळा बल्ब लावू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "बिल तू भरणार असशील तर लाव."