दोन घरचे लाडू

परळच्या ओपीडीत मी आहारतज्ज्ञ म्हणून बसते. बाळंतिणी सहसा ‘दूध कमी येतं’ म्हणून येतात. ही लालबागची सून मात्र कालनिर्णयची फाडलेली पानं घेऊन आली होती. प्रत्येक चौकोनात, एकादशी-चतुर्थीच्या शेजारी, पेनाने रोजचं वजन लिहिलेलं. शेवटच्या पानावर आकडा हललाच नव्हता.

“अंगावर पाजलं की वजन आपोआप उतरतं म्हणतात ना? मी तर वरचं दूध घोटभरही देत नाही.”

बाळ चार महिन्यांचं, कार्डावरची वजनाची रेघ छान वर चाललेली. हिची 26 आठवड्यांची रजा मात्र संपत आलेली आणि ऑफिसचे कपडे होईनात. म्हणून रात्रीचं जेवण सोडलेलं.

“सोडलंस?” सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. “मला म्हणालीस, खोलीत जेवते!”

मग दिवसभराचं खाणं विचारलं. सकाळी सासूबाईंच्या हातचे दोन डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर. दुपारी साजूक तुपातला शिरा. संध्याकाळी माहेरच्या डब्यातले मेथीचे दोन. हा डबा कपाटात, झबल्यांच्या मागे. सासरी कुणी करत नसेल म्हणून आई दादरहून पाठवायची. सासूबाईंना त्याचा पत्ताच नव्हता. कुणालाच दुखवायचं नाही म्हणून ही चारही लाडू खायची आणि भरपाई म्हणून पोळी-भाजी, वरण-भात बंद!

पाजण्यात रोज साधारण 500 कॅलरी खर्च होतात, हे खरंच आहे. पण भूकही तशीच वाढते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, पहिल्या सहा महिन्यांत रोज 600 कॅलरी जास्त घ्यायला सांगते, आणि त्या कधीच्या लाडू-शिऱ्यातच भरल्या होत्या. पाजल्याने वजन उतरतं, पण सावकाश, आणि प्रत्येकीचं सारखं नाही. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. (रोज काट्यावर उभं राहण्याची सवय मला लाडवांपेक्षा घातक वाटते.)

लाडू दिवसाला एकच, रात्रीचं जेवण परत सुरू, त्यात डाळ किंवा मासळी, संध्याकाळी बाळाला घेऊन एक फेरी, असं लिहून दिलं. पाजणं अजिबात थांबवायचं नाही, हेही बजावलं.

सासूबाईंनी कागद दोनदा वाचला. “एकच म्हणताय. तो कुणाच्या घरचा?”

म्हटलं, “काकू, ते माझ्या चार्टमध्ये बसत नाही. विहीणबाईंना फोन लावा.”