व्याख्यानमालेच्या तारखा आणि मायक्रोफॉरमॅट्स: माझा अनुभव

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळते. पगारबिगार काही नाही, लहानपणी तिथल्याच पुस्तकांवर वाढले म्हणून करते. साइट अगदी साधी, हाताने लिहिलेली एचटीएमएलची पंधरा-वीस पानं, डेटाबेस वगैरे काही नाही. जानेवारीत आमची पाच दिवसांची व्याख्यानमाला असते, रोज संध्याकाळी साडेसहाला एक पुष्प, आणि तेवढे दिवस ती साइट खरोखर लोक बघतात.

२०२५ सालची गोष्ट. शेवटचं पुष्प शुक्रवारी १७ जानेवारीला होतं, वक्त्यांच्या घरी काहीतरी अडचण आली आणि ते रविवारी १९ तारखेला ढकललं. ग्रंथपाल सरांचा फोन आला, मी पाच मिनिटांत पानावरची तारीख बदलली, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, फळ्यावर लिहिलं, झालं. पण त्याच पानाच्या वरच्या भागात, जो ब्राउझरमध्ये दिसतच नाही, तिथे मी वर्षभरापूर्वी सर्चसाठी म्हणून जेसन-एलडीचा, म्हणजे सर्च इंजिनला कार्यक्रमाची माहिती सांगणाऱ्या कोडचा, एक तुकडा घालून ठेवला होता आणि त्यात १७ तारीख तशीच राहिली. दिसत नाही ते आठवत नाही, एवढंच झालं.

शुक्रवारी संध्याकाळी मी पुस्तकं परत द्यायला गेले होते तर सभागृहाच्या बंद दारासमोर एक आजोबा उभे. खांद्यावर शाल, हातात कापडी पिशवी, पिशवीत वही. जवळच्या खेड्यातून एसटीने आले होते, नातवाने फोनवर शोधून सांगितलं होतं म्हणे की १७ ला आहे. वहीत वक्त्यांना विचारायचे चार प्रश्न नंबर घालून लिहून आणले होते, ते त्यांनी मला दाखवले. परतीची गाडी पावणेआठची. आम्ही त्यांना चहा दिला, सरांनी आतल्या खोलीत वर्तमानपत्रं वाचायला बसवलं, ते एका शब्दाने बोलले नाहीत, पण मला ती वही काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना. घरी येऊन कोड उघडला आणि तो जुना तुकडा सापडला.

तेव्हा ठरवलं की दिसणारी तारीख एकीकडे आणि मशीनसाठीची तारीख दुसरीकडे हे पुन्हा नको. शोधता शोधता मायक्रोफॉरमॅट्सपाशी आले. नाव ऐकलेलं होतं, पण हे काहीतरी जुनं, बंद पडलेलं असा माझा समज होता. कल्पना इतकी सरळ आहे की मला आधी खरंच वाटेना. पानावर जे लोकांना दिसतंय त्याच मजकुराला ठरलेल्या नावांचे क्लास, म्हणजे कोडमधली न दिसणारी लेबलं, लावायचे. आपण सीएसएससाठी, म्हणजे पानाच्या सजावटीसाठी, क्लास लावतोच ना, तसेच, फक्त नावं सगळ्यांनी मिळून ठरवलेली, म्हणजे कुठलाही प्रोग्रॅम पान वाचून सांगू शकतो की हा कार्यक्रम, ही त्याची सुरुवात, ही जागा. वेगळी फाइल नाही, लपवलेली प्रत नाही.

हे काम २००५ पासून चालू आहे. सुरुवातीचे दोन मोठे प्रकार होते एचकार्ड आणि एचकॅलेंडर, आणि ते हवेतून आणलेले नव्हते, फोनमधले कॉन्टॅक्ट ज्या व्हीकार्डमध्ये जातात आणि कॅलेंडरच्या नोंदी ज्या आयकॅलेंडरमध्ये जातात त्यांचीच नावं एचटीएमएलमध्ये आणलेली. त्यात तारखेचा एक मोठा घोळ होता. मशीनसाठीची तारीख संक्षेपाच्या म्हणजे अॅब्रिव्हिएशनच्या टॅगमध्ये (टॅग म्हणजे एचटीएमएलमधली खूण), त्याच्या टायटलमध्ये घालायची पद्धत होती, आणि दृष्टिहीन लोक जे स्क्रीन रीडर वापरतात तो ती लांबलचक आकड्यांची माळ मोठ्याने वाचून दाखवण्याची भीती. २००८ मध्ये बीबीसीने याच कारणासाठी आपल्या कार्यक्रमांच्या पानांवरून एचकॅलेंडर काढून टाकलं. मला हा किस्सा फार महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्याकडेही एक सभासद स्क्रीन रीडरवर पान ऐकतात, आणि मशीनची सोय करताना माणसाची गैरसोय झाली तर त्या कामाला काय अर्थ आहे. आता एचटीएमएलमध्ये टाइम नावाचा टॅगच आहे, त्यामुळे तो प्रश्न उरला नाही.

मी वापरली ती दुसरी आवृत्ती, मायक्रोफॉरमॅट्स २. यात उपसर्ग लक्षात ठेवले की निम्मं काम झालं. एच म्हणजे नवी वस्तू सुरू, पी म्हणजे साधा मजकूर, यू म्हणजे लिंक, डीटी म्हणजे तारीख-वेळ, ई म्हणजे आतल्या टॅगसकट सगळा मजकूर. तर एका व्याख्यानाच्या चौकटीला एच-इव्हेंट, विषयाला पी-नेम, वेळेला डीटी-स्टार्ट, सभागृहाला पी-लोकेशन. पहिलं पान मी अर्ध्या तासात केलं आणि खूश होऊन पायथनमधल्या एमएफटूपाय या पार्सरला, म्हणजे पानातून अशी माहिती वेगळी काढणाऱ्या प्रोग्रॅमला, वाचायला दिलं.

आणि उत्तर रिकामं. म्हणजे एच-इव्हेंट होता पण त्याच्यात ना वेळ ना जागा, आणि त्याच्या पोटात एच-फुल नावाची कुठलीतरी वस्तू, सगळी माहिती तिच्याकडे. एच-फुल मी कुठे लिहिलंच नव्हतं! दोन संध्याकाळी यात गेल्या, स्पेलिंग तपासलं, टॅग मोजले, शेवटी लक्षात आलं की पानाची सजावट टेलविंड या तयार क्लासांच्या संचाने केलेली आहे आणि टेलविंडमध्ये उंची शंभर टक्के ठेवायच्या क्लासचं नाव नेमकं एच-फुल आहे. पार्सरकडे नावांची यादी नसते, एच, मग आडवी रेघ, मग इंग्रजी अक्षरं असं काहीही दिसलं की तो म्हणतो नवी वस्तू सुरू झाली. एच-६४ सारखं आकड्याचं नाव चालून जातं कारण ते त्या नियमात बसत नाही, पण एच-फुल, एच-स्क्रीन, एच-ऑटो ही सगळी अडतात. मी त्या चौकटीला स्वतःचा साधा क्लास दिला आणि लगेच सगळं जागेवर आलं. टेलविंड वापरणाऱ्या कुणीही हे करायला घेतलं तर आधी हे तपासा, पार्सर एरर देत नाही, नुसती माहिती भलत्याच ठिकाणी दिसते.

पुढे वक्त्यांची नावं. वक्त्यांसाठी आत एक एच-कार्ड, म्हणजे व्यक्तीच्या माहितीची वस्तू, ठेवलं. जुन्या एचकार्डमध्ये एक सवलत होती की नाव दोन शब्दांचं असेल तर पहिला शब्द नाव, दुसरा आडनाव असं आपोआप धरायचं. आपल्याकडे दोन शब्दांवर कुठे भागतं, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि पत्रिकेत तर पुढे प्रा. किंवा डॉ. हवंच. तर मी तिन्ही शब्द वेगळे केले, गिव्हन-नेम, अॅडिशनल-नेम, फॅमिली-नेम, आणि डॉ. ला ऑनरिफिक-प्रीफिक्स. पानावर काहीच फरक दिसत नाही, नाव एका ओळीत सलग, पण वाचणाऱ्या प्रोग्रॅमला आता कळतं की मधला शब्द आडनाव नाही.

तारखेचं मात्र सगळ्यात जपून करावं लागलं. आमच्या पानावर तारखा देवनागरी आकड्यांत असतात आणि त्या तशाच राहाव्यात असं मला मनापासून वाटतं, मशीनसाठी वाचकाचे आकडे बदलायचे नाहीत. टाइमच्या टॅगमध्ये दिसणारा मजकूर 'शुक्रवार, १७ जानेवारी, सायं. ६.३०' असाच ठेवायचा आणि त्याच टॅगच्या डेटटाइम या न दिसणाऱ्या जागेत मशीनसाठी ठरलेल्या पद्धतीची तारीख लिहायची. पहिल्यांदा मी तिथे नुसते साडेसहा लिहिले, पुढे भारताचा साडेपाच तासांचा फरक लिहिलाच नाही, आणि पानावरून कॅलेंडरची नोंद बनवणाऱ्या माझ्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमने, ती वेळ ग्रीनिचची धरली. फोनच्या कॅलेंडरमध्ये व्याख्यान रात्री बरोबर बाराला! साडेसहात साडेपाच मिळवले की बाराच होतात. तेव्हापासून अधिक ०५:३० लिहिल्याशिवाय मी ओळ सोडत नाही.

कुणी म्हणेल की दिसणारी तारीख आणि डेटटाइम या दोन प्रती झाल्याच की. झाल्या, खरं आहे. पण त्या एकाच ओळीत शेजारीशेजारी आहेत, एक बदलताना दुसरी डोळ्यांसमोर असते, पूर्वी दीडशे ओळींचं अंतर होतं. तरी मी एक छोटी तपासणी लिहिली, देवनागरी आकडे आणि वार वाचून डेटटाइमशी ताडून बघते, जुळलं नाही तर पान चढतच नाही.

गूगलचाही प्रश्न होताच. २००९ मध्ये गूगलने सर्चमधली जादा माहिती दाखवायला सुरुवात केली तेव्हा ते मायक्रोफॉरमॅट्स वाचत होते, आता त्यांच्या मार्गदर्शनात जेसन-एलडी, मायक्रोडेटा आणि आरडीएफए या मशीनसाठी माहिती लिहायच्या तीनच पद्धतींची नावं आहेत. म्हणून जेसन-एलडी मी काढून टाकलं नाही, फक्त हाताने लिहायचं बंद केलं. पान चढवायच्या आधी स्क्रिप्ट एच-इव्हेंट वाचते आणि त्यातूनच जेसन-एलडी बनवते, आणि त्यातूनच कॅलेंडरची आयसीएस फाइलसुद्धा. एवढं लक्षात ठेवायचं की पार्सर प्रत्येक किंमत यादीत देतो, विषय एकच असला तरी एकाच गोष्टीची यादी, माझं पहिलं जेसन-एलडी चौकोनी कंसांनी भरलं होतं.

सरांना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, पण पान तर जसंच्या तसं आहे." मी त्यांच्याच फोनवर पानाखालची कॅलेंडरची लिंक दाबून दाखवली, पाचही पुष्पं एकदम त्यांच्या कॅलेंडरमध्ये गेली, वेळेसकट, सभागृहाच्या नावासकट. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, आता तारीख बदलायची झाली तर कुठे बदलायची ते मला शिकवा.

या जानेवारीत तिसऱ्या पुष्पाची वेळ साडेसहाची सहा झाली. मी तेव्हा ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी होते. सरांनी स्वतः ती ओळ उघडली, दिसणारी वेळ बदलली, डेटटाइम राहिलं, तपासणीने अडवलं, मग तेही बदललं आणि पान चढलं. मला फक्त मेसेज आला, "६.०० केले. दोन्ही ठिकाणी." आता वाचनालयाच्या पत्त्याचं आणि उघडण्याच्या वेळांचं पान करायला घेतलंय.