सहावी ते आठवीची मुलं आणि शाळेतल्या समुपदेशकाचं वर्ष : माझा अनुभव

शाळेतलं समुपदेशन म्हटलं की एक खोली, दोन खुर्च्या आणि समोर रडणारं मूल एवढंच बहुतेकांना दिसतं. सहावी ते आठवीच्या मुलांबरोबर काम करताना माझा निम्म्याहून जास्त वेळ त्या खोलीबाहेर जातो. हजेरीपट चाळायचा, जिन्यात उभं राहायचं, वर्गशिक्षकांशी बोलायचं. या वयाच्या मुलांच्या अडचणींना बऱ्यापैकी ठरलेला हंगाम असतो. चाचणीच्या आधी पोटदुखी, गणपतीच्या सुट्टीनंतर मैत्रीतली फाटाफूट, स्नेहसंमेलनाच्या निवडीनंतर रुसवे. त्या त्या आठवड्याच्या पंधरा दिवस आधी आपण वर्गावर जाऊन आलेलो असलो, तर पुढचं काम हलकं होतं. राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत हे वर्ष कसं पार पाडायचं, ते सांगते.

शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते, विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा. पहिले दोन आठवडे मी वैयक्तिक भेटी ठेवत नाही. सहावीची सगळी मुलं पाच-सहाच्या गटाने दहा-दहा मिनिटं खोलीत येऊन जातात. तीन तुकड्या आणि १८० मुलं धरली तर तीस गट होतात. रोज तीन गट घेतले की दहा दिवसांत काम संपतं. खोली कुठे आहे, तिथे काय असतं, एवढंच दाखवायचं. याचा उपयोग पुढे कळतो. त्या खोलीत सगळेच जाऊन आलेले असले की तिथे जाणाऱ्या मुलाला कुणी ‘वेडा झाला का रे?’ म्हणून चिडवत नाही. मुलाला बोलावायची पद्धतही इथेच ठरवून टाकावी. शिपाईकाकांनी दारातून ‘समुपदेशन बाईंनी बोलावलंय’ असं पुकारलं, की त्या मुलाचं नाव वर्षभरासाठी पडलं. आमच्याकडे ग्रंथालय, कार्यालय आणि समुपदेशन यांची बोलावण्याची चिठ्ठी एकाच रंगाची, घडी घातलेली असते.

बोलावण्याची तासिकाही जपून निवडावी. खेळाची किंवा चित्रकलेची तासिका बुडवून कुणाला बोलावू नये, मूल रागावूनच येतं. दर वेळी गणिताचीच तासिका गेली तर गणिताच्या सरांचा राग त्याला सोसावा लागतो. मधल्या सुट्टीत बोलावलं तर सगळी शाळा बघते. म्हणून तासिका फिरत्या ठेवायच्या आणि २५ मिनिटांत संपवायचं. या वयाचं मूल त्यापुढे नुसतं बसून राहतं.

पहिल्याच भेटीत गुप्ततेबद्दल स्पष्ट बोलावं लागतं. नव्या समुपदेशकांकडून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक इथेच होते. मुलाने तोंड उघडावं म्हणून ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊन मोकळं व्हायचं. ते वचन पाळता येत नाही, आणि मोडलं की ते मूल पुन्हा कुणाही मोठ्या माणसाला काही सांगत नाही. मी वर्गावरच सांगते, ‘तुम्ही सांगाल ते माझ्याजवळ राहील. पण तीन वेळा मला दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगावंच लागेल. तुझ्या जिवाला धोका असेल तर, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि कुणी तुला नको तिथे हात लावत असेल किंवा मारत असेल तर. सांगण्याआधी मी तुला विचारेन की कसं सांगूया.’ हे ऐकून मुलं गप्प होतील अशी भीती शिक्षकांना वाटते. प्रत्यक्षात ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत नेमकं त्या तीनपैकीच काहीतरी घेऊन येतात, कारण पुढे काय होणार हे त्यांना आधी कळलेलं असतं.

चिठ्ठ्यांची पेटी बहुतेक शाळांत असते आणि बहुतेक शाळांत ती रिकामी असते. कारण जागेत आणि रीतीत असतं. पेटी शिक्षक-खोलीसमोर किंवा कॅमेऱ्याखाली टांगली की तिच्यात कोण चिठ्ठी टाकतंय हे दिसतं. आम्ही छापील चिठ्ठी ठेवली आहे. वर तीन चौकोन: मला बोलायचं आहे, मला दुसऱ्या कुणाची काळजी वाटते, नुसतं सांगायचं आहे. खाली चौथा: काही नाही. शुक्रवारी शेवटच्या तासिकेला वर्गातली सगळी मुलं एकेक चिठ्ठी भरून टाकतात. बहुतेकांच्या खुणा ‘काही नाही’वर असतात, आणि म्हणूनच बाकीच्या दोन-तीन चिठ्ठ्या कुणाच्या हे कुणाला समजत नाही. एरवीही पेटी रोज शाळा सुटल्यावर उघडायची, आठवड्यातून एकदा उघडून चालत नाही. मंगळवारी टाकलेली चिठ्ठी शुक्रवारी वाचली तर मधले तीन दिवस त्या मुलाने वाट पाहिलेली असते. शाळेची तक्रारपेटी वेगळी ठेवावी. ती समितीसमोर उघडली जाते, ही फक्त समुपदेशकाने उघडायची.

जुलै हा हजेरीपटाचा महिना. ताप-सर्दीची रजा वगळून महिन्यात तीन किंवा जास्त गैरहजेऱ्या असलेल्या मुलांची यादी काढते आणि प्रत्येक गैरहजेरीपुढे वार लिहिते. वार लिहिले की पुष्कळ काही दिसतं. दर सोमवारी गैरहजर असणारं मूल रविवारपासूनच शाळेच्या विचाराने हैराण असतं, किंवा शनिवार-रविवारी घरात काहीतरी घडत असतं. दर बुधवारी गैरहजर असेल तर त्या दिवशीचं वेळापत्रक काढून बघायचं. सहसा एखाद्या विषयाचा गृहपाठ किंवा खेळाच्या मैदानावरची चिडवाचिडवी सापडते. मुली महिन्याला सलग तीन-चार दिवस दिसत नसतील तर आधी स्वच्छतागृहात जाऊन यावं: नळाला पाणी आहे का, दाराला आतून कडी आहे का, पॅड टाकायला झाकणाची बादली आहे का. कडी मोडलेली असेल तर ती बसवणं हेच समुपदेशन. प्रथमोपचाराच्या वहीत डोकेदुखी-पोटदुखीच्या नोंदीही वारासकट वाचाव्यात.

शिक्षकांना ‘कोणत्या मुलांकडे लक्ष द्यायला हवं?’ असं विचारलं की दंगा करणाऱ्यांची नावं मिळतात. आतल्या आत कुढणारी मुलं त्या यादीत येतच नाहीत. म्हणून मी वर्गशिक्षकांकडून नावांच्या दोन याद्या मागते. एक, वर्गात कुणामुळे त्रास होतो. दोन, गेल्या आठवड्यात कुणाचा आवाज तुम्ही ऐकलाच नाही. दुसरी यादी लिहिताना शिक्षक पेन हातात धरून थांबतात, हजेरीपट मागून घेतात, एकेका नावावर बोट ठेवत जातात. मला हवी असलेली मुलं तिथे असतात.

ऑगस्टमध्ये, घटक चाचणीपासून दूरचा दिवस बघून, चाचपणीची प्रश्नावली भरून घेते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची ‘स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज’ (मुलांची बलस्थानं आणि अडचणी) ही २५ विधानांची प्रश्नावली मुलांना स्वतः भरता येते, ११ वर्षांपासून पुढे. शिक्षक आणि पालकांसाठी वेगळे फॉर्म आहेत. प्रत्येक विधानाला ०, १ किंवा २ गुण. पाच-पाच विधानांचे पाच गट असतात: भावनिक त्रास, वागणुकीच्या तक्रारी, चंचलता, सोबत्यांशी संबंध आणि चांगलं वागणं. पहिल्या चार गटांची बेरीज जास्तीत जास्त ४० होते, पाचवा गट वेगळा मोजतात. काही विधानं उलटी असतात, त्यांचे गुण उलटे धरायचे विसरलं की अख्खी बेरीज चुकते. एका बाकावर दोघं बसवून भरून घेतली तर दोघांची उत्तरं सारखी येतात. आणि बेरीज जास्त आली म्हणजे आजार आहे असं नाही, त्या मुलाला आधी भेटायचं, एवढाच तिचा अर्थ. हे आकडे शिक्षक-खोलीत जाऊ देऊ नयेत. पालकांची लेखी संमती जूनच्या पालकसभेतच घ्यावी, आणि त्या पत्रात ‘मानसिक चाचणी’ हा शब्द घालू नये, अर्धे पालक तिथेच घाबरतात.

आता प्रत्यक्ष भेट. सातवीतलं मूल समोर बसतं आणि म्हणतं, ‘काही नाही, मॅडम.’ ‘काय झालं?’ आणि ‘असं का केलंस?’ हे दोन्ही प्रश्न त्याला पोलिसी वाटतात. मी विचारते, ‘सोमवारी उठल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत काय काय होतं ते क्रमाने सांग.’ मूल सांगू लागतं: आईने उठवलं, दूध घेतलं, रिक्षात बसलो. इथे थांबतं. मग मी आवाज न चढवता ‘रिक्षात कुठे बसतोस?’ एवढंच विचारते. ‘मागे. दप्तरांच्या जागेत.’ रिक्षातल्या मोठ्या मुलांची हकीगत तिथून उलगडते. मधे शांतता आली तर मनात दहापर्यंत मोजायचं, भरून काढायची नाही. कागदावर ० ते १० ची उभी रेघ काढून ‘आत्ता किती?’ विचारलं तर शब्द न सापडणारी मुलंही बोट ठेवतात. उठण्याआधी, ‘यातलं आईला काय सांगू आणि काय नको?’ हे मुलालाच ठरवू द्यायचं. आणि रडून डोळे लाल झाले असतील तर तोंड धुवून, पाणी पिऊन, पाच मिनिटांनी वर्गात पाठवायचं.

छळाच्या तक्रारी सप्टेंबरनंतर वाढतात, त्यातल्या पुष्कळ आता व्हॉट्सॲप गटातून येतात: गटातून काढून टाकणं, फोटोचे स्टिकर बनवणं. भांडणात दोन्ही बाजूंना सारखा जोर असतो. छळात तो एकाच बाजूला असतो आणि प्रकार पुन्हा पुन्हा घडतो. हा फरक न करता दोघांना समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हण, हात मिळव’ हा शाळेचा ठरलेला उपाय फार नुकसान करतो. त्रास सोसणाऱ्याला मोठ्यांसमोर माफ करावं लागतं आणि शाळा सुटल्यावर तक्रार केल्याचा वचपा निघतो. तिघांशी वेगवेगळं बोलावं: सोसणारा, करणारा आणि बघणारे. पुरावा पालकांच्या मदतीने जपून ठेवावा, मुलांचे फोन समुपदेशकाने उघडून बघू नयेत. मग तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने पुन्हा विचारावं. एक साधा उपाय फार कामाला येतो. शाळेचा नकाशा छापून प्रत्येक मुलाला द्यायचा आणि भीती वाटते ती जागा लाल रंगवायला सांगायची, नाव न लिहिता. जिन्याचं वळण, पाण्याच्या टाकीमागची जागा, स्वच्छतागृहाकडची वाट, अशा ठरावीक जागा तांबड्या होतात. तो नकाशा मुख्याध्यापकांपुढे ठेवला की मधल्या सुट्टीतल्या शिक्षकांच्या जागा बदलता येतात.

शरीरातल्या बदलांवरच्या तासाला मुलींबरोबर मुलग्यांनाही बसवावं, सहावी संपायच्या आत. आवाज फुटल्यामुळे प्रकट वाचनाला उभं राहायचं टाळणारे मुलगे ‘अभ्यासात मागे पडला’ म्हणून माझ्याकडे येतात.

वाचन फार मंद, लिहिताना काना-मात्रा गळणं, जोडाक्षरं तुटणं, ओळ सुटणं, आणि तोंडी उत्तर मात्र चोख, असं मूल दिसलं की जानेवारीपर्यंत थांबू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. मग पाहून लिहिलेलं एक पान, श्रुतलेखनाचं एक पान आणि गणिताची वही सोबत देऊन सरकारी रुग्णालयातल्या तपासणी केंद्राकडे पाठवायचं. अशा अडचणीला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात; ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि प्रमाणपत्रावर परीक्षेत सवलती मिळतात. पण तारखा लांबच्या मिळतात, म्हणून हे जुलैचं काम.

दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांत वेगळीच अडचण उभी राहते. ऊसतोडीला गेलेल्या पालकांबरोबर मुलंही जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. गावातच मागे, हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांना निदान दर आठवड्याला आई-वडिलांशी फोनवर बोलायला मिळतंय का, हे विचारत राहावं.

परीक्षेची भीती आठवीत खरी असते, ती ‘उगाच घाबरू नकोस’ म्हणून उडवून लावू नये. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि तिथेही नापास झाल्यास त्याच वर्गात बसावं लागतं. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. हा नियम सरळ शब्दांत सांगितला की ‘शाळा सुटणार’ ही भीती जाते. श्वासाचा सराव, चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, परीक्षेच्या दोन आठवडे आधी रोज परिपाठात घ्यावा. पेपरच्या दिवशी पहिल्यांदा शिकवला तर उलट धडधड वाढते. झोप बारा वर्षांपर्यंत ९ ते १२ तास आणि तेरापासून पुढे ८ ते १० तास हवी. पालकांना हे आकडे लिहून द्यावे लागतात.

मरणाचं बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत वाट बघायची नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, मुलाला सुटल्यासारखं वाटतं. त्याला एकटं सोडायचं नाही, पालकांना त्याच दिवशी शाळेत बोलवायचं, मूल त्यांच्याच ताब्यात द्यायचं. घरातली औषधं आणि शेतातल्या फवारणीची औषधं कुलपात ठेवायला सांगायची आणि डॉक्टरांची भेट ठरवूनच त्यांना पाठवायचं. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो. तो पालकांच्या फोनमध्ये आपल्यासमोर साठवून घ्यावा.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे, खोदून विचारायचं नाही, संशयिताला बोलवायचं नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं कलम २१ खाली गुन्हा आहे. त्यासाठी संस्थाचालकांच्या बैठकीची किंवा पालकांच्या परवानगीची वाट बघायची नसते. २०२२ पासून शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तिचे सदस्य आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक जूनमध्येच लिहून ठेवावा, त्या दिवशी शोधत बसता येत नाही. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक फलकावर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लावावा.

नोंदी कुलपात, नावाऐवजी क्रमांक घालून. एप्रिलमध्ये पुढच्या वर्गशिक्षकांना फक्त उपयोगाचं तेवढंच सांगायचं: याला पुढच्या बाकावर बसवा, हिला अचानक उभं करून वाचायला लावू नका. कारण सांगायची गरज नसते. नियमित येणाऱ्या मुलांना शेवटची भेट कोणती, हे तीन भेटी आधी सांगते. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाच्या हातात खिशात मावेल एवढं कार्ड जातं, १०९८ आणि १४४१६ लिहिलेलं. पेटी मात्र मी काढून ठेवत नाही. निकालाच्या दिवशी मुलं प्रगतिपुस्तक घ्यायला येतात, आणि पुढे दीड महिना शाळा नाही हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवतं. त्या दिवशीच्या चिठ्ठ्यांवर नाव, तुकडी आणि घरचा फोन, तिन्ही लिहिलेलं असतं. त्या वाचल्याशिवाय आणि त्या घरी फोन केल्याशिवाय मी शाळेतून निघत नाही.