सीआरपी नॉर्मल आहे, मॅडम

शनिवारी ओपीडी आवरत असताना रेसिडेंटचा फोन आला. "मॅडम, आपल्या संधिवाताच्या काकू आल्यात. कालपासून पोट दुखतंय. ताप नाही, सीआरपी ०.४. गॅसेस असतील. गोळ्या देऊन घरी पाठवू?"

सीआरपी म्हणजे शरीरात कुठे दाह पेटला की रक्तात वाढणारं प्रथिन. एवढा कमी सीआरपी ऐकून एरवी हायसं वाटलं असतं. पण काकूंना दहाच दिवसांपूर्वी सलाइनमधून टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध दिलं होतं. "थांब, मी येते," म्हटलं.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सांध्यांच्या अस्तरातून सायटोकाइन्स नावाचे निरोपे अखंड सुटत असतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ ही त्यातली बडी मंडळी. सीआरपी बनवायचा हुकूम यकृताला मुख्यतः इंटरल्युकिन-६ देतं. ताप चढवण्यातही त्याचा हात असतो. टोसिलिझुमॅब त्याच्या रिसेप्टरवरच, म्हणजे पेशींवर ते जिथे चिकटतं त्या जागेवरच, ठाण मांडून बसतं. त्यामुळे काकूंना दोन वर्षांनी पुन्हा मूठ वळता येऊ लागली होती. आणि त्यामुळेच आता पोटात काहीही पेटलं, तरी यकृताला त्याची खबर लागणार नव्हती.

काकू कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. "उगाच धावपळ गं तुला," म्हणत हसल्यासुद्धा. पोटाच्या डाव्या बाजूला, खाली, हलकेच दाबलं. काही बोलल्या नाहीत. हात झटकन उचलला, तशी त्यांनी माझं मनगट पकडलं. त्याच मुठीत, करकचून.

सीटी स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याबाहेर हवेचे चार-पाच काळे ठिपके दिसले. डायव्हर्टिक्युलम, म्हणजे आतड्याच्या भिंतीला आलेली छोटी पिशवी, फुटलं होतं. या औषधाचा हा धोका माहितीतला आहे, जोडीला स्टेरॉइड असेल तर जास्तच. आणि काकू प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेत होत्या. सर्जनना पटवायला अर्धा तास गेला. "सीआरपी नाही, ताप नाही, आणि पोट उघडू म्हणता?" शेवटी त्या ठिपक्यांनीच त्यांना पटवलं.

ऑपरेशन चालू असताना मी काकूंची जुनी फाइल चाळत बसले. आतड्याला असा त्रास पूर्वी झालाय का, हे औषध सुरू करण्याआधी विचारायचं असतं. माझ्या अक्षरातल्या नोंदीत तो प्रश्न कुठेच नव्हता.

काकू बऱ्या होऊन घरी गेल्या. टोसिलिझुमॅब अर्थातच बंद. दीड महिन्याने बोटं पुन्हा सुजवून आल्या. सीआरपी ४२. रिपोर्ट माझ्यापुढे ठेवत रेसिडेंट म्हणाला, "मॅडम, आता हा खरं बोलतोय."