पुस्तक गेलं ते गेलं, नोट्स तर माझ्या होत्या ना

परवा रात्री एका पुस्तकातला उतारा शोधत होते, सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेलं ई-बुक, अ‍ॅप उघडलं तर कव्हर राखाडी पडलेलं आणि खाली एकच ओळ, 'हे पुस्तक आता उपलब्ध नाही'. अहो, पैसे भरून घेतलंय! मेल टाकला तर उत्तर आलं की प्रकाशकाशी असलेला करार संपला आणि तुम्ही पुस्तक नाही, वाचायचं लायसन्स घेतलं होतं. पिवळ्या केलेल्या ओळी, कडेला लिहिलेल्या नोट्स, सगळं सोबत गेलं. मला त्या नोट्सचंच जास्त लागलंय. पुस्तकाचं लायसन्स असेल तुमचं, पण नोट्स मी लिहिल्या होत्या, त्या कोणत्या करारात बसतात?

२००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑरवेलच्या '१९८४' या कादंबरीच्या काही प्रती लोकांच्या किंडल या ई-बुक वाचायच्या यंत्रावरून परस्पर काढून टाकल्या होत्या. ज्याने त्या विकायला ठेवल्या त्याच्याकडे हक्कच नव्हते हे खरं, पैसेही परत दिले, पण एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी काढलेल्या नोट्स पुस्तकच नसल्याने बिनकामाच्या झाल्या आणि तो कोर्टात गेला, शेवटी कंपनीला तडजोड करावी लागली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-बुकचं दुकान बंद केलं तेव्हा पैसे तर परत दिलेच, वर नोट्स केलेल्यांना २५ डॉलर जास्तीचे दिले. म्हणजे नोट्सला किंमत असते हे कंपन्यांनाही कळतं.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे, 'खरेदी करा' असं बटण ठेवायचं तर हे फक्त लायसन्स आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं, आणि जे कायमचं डाउनलोड करून ऑफलाइन ठेवता येतं त्याला हे लागू नाही. चांगलं आहे, पण मला नुसती सूचना नकोय, मला ती फाइल हवी आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉनने किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायची सोय मात्र काढून घेतली.

आता जिथे डीआरएम (म्हणजे फाइल कॉपी करता येऊ नये म्हणून घातलेलं डिजिटल कुलूप) नसलेली फाइल मिळते तिथूनच आधी शोधते, आणि नोट्स साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवते. काल बसून त्या पुस्तकावरच्या आठवतील तेवढ्या लिहून काढल्या, अकरा आठवल्या. तो उतारा काही आठवला नाही.