कच्च म्हणजे किती?

गॅरेजमधल्या पोऱ्याला 'कच्च आवळ' म्हटलं की त्याला बरोबर कळतं. गाडीच्या मोठ्या नटांना ते खपूनही जातं. पण सायकलच्या स्टेमवर (हँडल धरून ठेवणारा तुकडा) '5 न्यूटन मीटर' असं छापलेलं असतं, ॲल्युमिनियमच्या इंजिनात शिरणारा एम6, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीचा बोल्ट जेमतेम 10 मागतो, आणि तिथे कच्च म्हणजे आटे मेले. 5 न्यूटन मीटर म्हणजे वीस सेंटिमीटर दांड्याच्या टोकाला अडीच किलोचा भार, भाजीच्या अर्ध्या पिशवीएवढा. मनगटाला इतकं हलकं मोजता येत नाही.

म्हणून छोटा टॉर्क रेंच, म्हणजे लावलेल्या आकड्याएवढा पीळ पडला की 'टक्' करून सांगणारा पाना. 'एकच मोठा घेऊ, सगळीकडे चालेल' हा विचार इथे सोडून द्यायचा. अर्धा इंची, म्हणजे चार सुती चौकोनाचा (डोक्यावरचा, सॉकेट बसतो तो) रेंच बहुधा 28 न्यूटन मीटरच्या आसपास सुरू होतो. आकड्यांचा पट्टा मोठा असला तरी खालच्या टोकाला त्याचा 'टक्' इतका मवाळ असतो की तो हुकतो आणि हात पुढे जातो. आपलं काम रेंचच्या पट्ट्याच्या मधोमध पडायला हवं. 4 ते 10ची कामं असतील तर पाव इंची चौकोनाचा, 2 ते 14 किंवा तत्सम पट्ट्याचा. दुकानात तो सगळ्यात खालच्या आकड्यावर लावून टक् हाताला नीट जाणवतो का ते पाहावं. कानावर विसंबू नये, रस्त्यावरच्या गॅरेजात ऐकू काय येणार? सोबतच्या प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांक आणि दांड्यावर कोरलेला क्रमांक जुळतात का, तेही पाहावं. टक् न करता काट्याने आकडा दाखवणारा साधा रेंच दिसायला गावंढळ, पण त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. काटा शून्यावर नसेल तर वाकवून आणायचा, झालं.

आयएसओ 6789 या मानकात टक्-वाल्या रेंचला 10 न्यूटन मीटरपर्यंत ±6 टक्के आणि त्यावर ±4 टक्के चुकायची सूट आहे. छोट्याला जास्त सूट, कारण छोट्या आकड्यात सगळ्याच चुका मोठ्या दिसतात. तपासणाऱ्याच्या चुकासुद्धा.

घरी तपासायचं तर व्हाइसला (वस्तू घट्ट धरणारा शिकंजा) तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे गाल लावून रेंचचा चौकोन आडवा पकडायचा. डोक्याच्या पाठीकडून पाहिलं तर दांडा उजवीकडे आणि जमिनीला समांतर हवा, म्हणजे भार आवळण्याच्या दिशेने पडतो. मुठीच्या मधोमध खूण करून तिथे दोरीने रिकामा कॅन टांगायचा. चौकोनाच्या केंद्रापासून दोरीपर्यंतचं अंतर समजा 20 सेंटिमीटर. इथे अर्ध्या सेंटिमीटरची चूक म्हणजे अडीच टक्के गेले, तेव्हा पट्टी डोळ्यांजवळ धरून मोजावं. आधी रेंच कमाल आकड्यावर चार-पाच वेळा चालवून घ्यायचा. पडून राहिलेल्या रेंचचा पहिला टक् भरवशाचा नसतो. मग 5 वर लावायचा आणि कॅनमध्ये पाणी बारीक धारेनं सोडत राहायचं. टक् झाला की धार बंद. कॅन दोरीसकट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा. तयार वजन धप्पकन सोडलं तर क्षणभर दुप्पट भार पडतो, म्हणून हा पाण्याचा खटाटोप.

आता खरी गोम. 5 भागिले 9.81, भागिले 0.2, म्हणजे 2.55 किलो यायला हवं, आणि येतं 2.25. माणूस लगेच म्हणतो, रेंच बारा टक्के ढिला. पण दांड्याला स्वतःचं वजन आहेच की! रेंच अर्धा किलोचा आणि बोटावर तोलला असता केंद्रापासून 12 सेंटिमीटरवर तोल सांभाळत असेल, तर नुसता लटकताना तो 0.59 न्यूटन मीटर लावतोच. म्हणजे 2.25 हाच बरोबर आकडा, आणि सूट धरून 2.10 ते 2.40 किलोमध्ये कुठेही टक् झाला तर रेंच ठीक. कितीतरी चांगले रेंच या अर्ध्या किलोच्या हिशेबापायी नाहक बदनाम होत असतील. पाच वेळा करून पाहावं. आकडे एकमेकांपासून लांब पडत असतील तर दोष स्प्रिंगचा किंवा सुकलेल्या ग्रीसचा. सगळे सारखेच पण एका बाजूला सरकलेले असतील तर नुसतं जुळवून घेण्याचं काम, आणि ते लॅबचं. पुणे-पिंपरीत एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅब आहेत. वर्षातून एकदा किंवा 5000 टकांनंतर पाठवावा.

रेंच खरा निघाला तरी बोल्ट फसवतोच. लावलेल्या पिळातला साधारण नव्वद टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो; ताणायला उरतो तो जेमतेम दहा. आट्यांना तेल लागलं की तोच आकडा बोल्टला कितीतरी जास्त ताणतो. म्हणून पुस्तकात 'कोरडा' लिहिलं असेल तर पुसून कोरडाच. मूठ मधोमध धरायची, सावकाश ओढायचं, टक् झाला की थांबायचं. खात्रीसाठी दुसरा टक् काढणारे बरेच असतात, तेवढ्यात बोल्ट पुढे सरकलेला असतो. काम झालं की आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून डबीत. खुणेच्याही खाली फिरवून स्प्रिंग मोकळी सोडायची नाही, आणि अडकलेला नट सोडवायला हा रेंच कोणी मागितला तर साधा पाना पुढे करायचा.